लंडनच्या छोट्या बुटीक बँकेची ऑफर: सही करण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीए झाल्यावर मुंबईत चार वर्षं व्हॅल्युएशनचं, म्हणजे कंपन्यांची किंमत काढण्याचं, काम झालंय. आता लंडनच्या मेफेअरमधल्या वीसेक माणसांच्या बुटीक इन्व्हेस्टमेंट बँकेकडून (कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत सल्ला देणारी छोटी संस्था) असोसिएटची ऑफर आली आहे, पत्नी आणि लहान मूल सोबत येणार. बँकेचं नाव मुंबईत कुणी ऐकलेलं नाही, तर पुढे करिअर अडेल का?

नाव कुणी ऐकलेलं नाही याची काळजी सगळ्यात शेवटी करा. रोबी वॉर्शो ही अशीच बुटीक 2013 मध्ये मोजक्या माणसांनी लंडनमध्ये सुरू केली आणि दोन-तीन वर्षांत सॅबमिलर या बिअर कंपनीच्या अवाढव्य विक्रीत सल्लागार म्हणून बसली. 2025 मध्ये एव्हरकोर या मोठ्या अमेरिकी सल्लागार बँकेने ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आकार आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण छोट्या बुटीकमध्ये पत असते ती दोन-तीन पार्टनरांची. कामं त्यांच्या ओळखीवर येतात. त्यातला एक बाहेर पडला की कामं आटतात, आणि तुमचा व्हिसाही त्याच दोरीला बांधलेला असतो. म्हणून माणसं तपासा.

सुरुवात बँकेच्या वेबसाइटपासून करा. तिथे 'टूमस्टोन' म्हणजे डीलचे छोटे चौकोन असतात: दोन लोगो, एक वर्ष, आणि खाली 'विक्रेत्याचे सल्लागार' अशी ओळ. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'यात आधीच्या संस्थांत केलेले व्यवहारही आहेत' असं लिहिलंय का पाहा. असेल तर निम्मे चौकोन पार्टनरने मोठ्या बँकेत असताना केलेले असू शकतात. फक्त बँक स्थापन झाल्यानंतरचे मोजा, त्यातही गेल्या 24 महिन्यांतले वेगळे काढा. लीग टेबलवर, म्हणजे डीलच्या रकमेनुसार लावलेल्या बँकांच्या क्रमवारीवर, फार विसंबू नका; एका डीलवर चार सल्लागार असले तरी प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण रक्कम धरली जाते.

ब्रिटनमध्ये शेअर बाजारातली कंपनी विकत घेतली जाते तेव्हा तिच्या संचालक मंडळाला स्वतंत्र सल्लागार नेमावाच लागतो. आरएनएसवरच्या (लंडन शेअर बाजाराची घोषणा-सेवा) जाहीर निवेदनात एक ठरलेलं वाक्य येतं, की आर्थिक अटी रास्त आहेत असं अमुक सल्लागाराने मंडळाला सांगितलं. त्या वाक्यात तुमच्या बँकेचं नाव दिसलं तर ते वजनदार काम. नुसतं यादीत तिसऱ्या नंबरवर असेल तर भूमिका बहुधा लहान होती. फक्त खासगी कंपन्यांची विक्री करणारी बँक इथे दिसणारच नाही, त्यात वावगं काही नाही.

मग कंपनीज हाउस, म्हणजे ब्रिटनमधली कंपन्यांची सरकारी नोंदवही. फुकट आहे आणि यात तासभर घालवाच. 'ऑफिसर्स'मध्ये कोण कधी आलं, कोण कधी गेलं ते तारखेसह असतं. अठरा महिन्यांत दोन संचालक किंवा भागीदार गेले असतील तर मुलाखतीत सरळ विचारा. छोट्या कंपन्या नफा-तोटा पत्रक दाखवत नाहीत, पण ताळेबंद आणि सरासरी कर्मचारी संख्या दिसते. संख्या 26 वरून 19 वर आली असेल तर ती भरतीची नव्हे, गळतीची खूण. हातातली रोख पाहा आणि ढोबळ पगारखर्चाने भागा, किती महिने निघतात ते कळेल. हे महत्त्वाचं अशासाठी की मासिक रिटेनर (क्लायंटकडून दरमहा मिळणारी ठरलेली फी) किरकोळ असतो, खरी कमाई डील पूर्ण झाल्यावरच्या सक्सेस फीची. वर्षात पाच डील अपेक्षित असताना तीन घसरल्या की आधी बोनस जातो, मग माणसं.

एफसीएच्या (ब्रिटनची वित्तीय नियामक संस्था) रजिस्टरवर पार्टनरचं नाव टाकलं की आधी कुठे आणि कधीपर्यंत होते तेही बहुतेक वेळा मिळतं.

आता व्हिसा. सरकारच्या स्पॉन्सर यादीत (परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी) बँक 'ए' रेटिंगने आहे का बघा. स्किल्ड वर्कर व्हिसाला 22 जुलै 2025 पासून साधारणपणे वर्षाला 41,700 पौंड किंवा त्या पदाचा ठरलेला दर, यातलं जे जास्त ते लागतं. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 आणि मुलाला 776 पौंड, आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम भरायचा. तीन वर्षांसाठी तुम्हा तिघांचे 8,538 पौंड होतात, अर्जाची फी वेगळी. हे कोण भरणार ते ईमेलवर लिहून घ्या. बँक भरणार असेल तर लवकर सोडल्यास परतफेडीची अट असते. ती कामावरून कमी केलं तरी लागू होते का, हे वकिलाच्या नजरेने वाचा. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (स्पॉन्सर करणाऱ्या मालकाला लागणारं शुल्क) मात्र मालकाने तुमच्याकडून वसूल करणं नियमात बसत नाही.

नोकरी गेली तर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) उरलेला व्हिसा सहसा 60 दिवसांवर आणतं. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर मिळवून नवा अर्ज जायला हवा. म्हणून तीन महिन्यांचा नोटीस पीरियड इथे ओझं नसून संरक्षण आहे. प्रोबेशनमध्ये तो आठवड्यावर आलेला असतो, तो महिनाभर तरी करून घ्या. मालकी बदलली तर परवान्याचे कागद पुन्हा करावे लागतात, हेही विचारून ठेवा. ग्रीनहिल ही अमेरिकी बुटीक 2023 मध्ये मिझुहो या जपानी बँकेकडे गेली. बुटीक विकली जाणं नवलाचं नाही.

पुढच्या नोकरीसाठी बँकेच्या नावाऐवजी तुमची डील शीट, म्हणजे तुम्ही केलेल्या डीलची यादी, बोलेल. पहिल्या दिवसापासून ठेवा: क्षेत्र, आकार, खरेदीची बाजू की विक्रीची, आणि तुम्ही स्वतः काय केलं. 'मॉडेल बांधलं, माहितीपत्रक लिहिलं, डेटा रूम (खरेदीदारांना दाखवायच्या कागदपत्रांचा ऑनलाइन साठा) सांभाळली, खरेदीदारांच्या प्रश्नांची उत्तरं दिली' असं नेमकं. जाहीर न झालेल्या कंपनीचं नाव कधीच लिहू नका. छोट्या बँकेत असोसिएटला क्लायंटसमोर बसायला मिळतं, हा खरा फायदा. पण वर्षभर नुसत्या पिच बुकच (काम मिळवण्यासाठीची सादरीकरणं) केल्या तर प्रायव्हेट इक्विटीसाठी, म्हणजे कंपन्या विकत घेणाऱ्या गुंतवणूक फंडांसाठी, माणसं शोधणारे हेडहंटर विचारत नाहीत. म्हणून शेवटच्या फेरीत विचारा: आत्ता किती मँडेट (क्लायंटने दिलेली कामं) सह्या झालेले आहेत, मी कुठल्यावर बसेन, आणि आधीचे तीन असोसिएट कुठे गेले? त्या तिघांपैकी एकाशी तरी बोला. मुंबईला परतायचं मनात असेल तर रॉथ्सचाइल्ड किंवा मोएलिससारख्या सल्लागार बँकांची तिथे कार्यालयं असल्याने ती नावं लगेच ओळखली जातात. तुमच्या बँकेसाठी ते काम डील शीटलाच करावं लागेल.

आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा (व्हिसासाठी मालकाने द्यायचा दाखला) नंबर हातात येईपर्यंत मुंबईतला राजीनामा देऊ नका. तो नंबर आला की व्हिसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, तेव्हा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा.