स्पॅगेटीचा पूल वरूनच का मोडतो?

प्रश्न: मुलाच्या कॉलेजात स्पॅगेटीचा पूल करायची स्पर्धा आहे, त्याचा पूल दरवेळी वरच्या बाजूनेच मोडतो, काड्या वाढवल्या तरी तेच. काय करावं?

उत्तर: अहो ताई, वरच्या काड्यांवर दाब येतो ना, मग त्या आधी बाजूला वाकतात आणि कडकन जातात. लांबी निम्मी केली की तीच काडी साधारण चौपट दाब सोसते, म्हणून मधे मधे त्रिकोण टाकायला सांगा आणि वरच्या काड्यांची जुडी घट्ट चिकटवा, सुट्या नकोत. फेविकॉल मात्र नकोच, त्यातल्या पाण्याने काडी मऊ पडते, अराल्डाइट लावून रात्रभर सुकू द्या. कॅनडातल्या ओकानागन कॉलेजच्या स्पर्धेत २००९ मध्ये हंगेरीच्या टीमच्या किलोभरापेक्षा हलक्या पुलाने ४४३ किलो पेलले, खोटं वाटतं ना! आणि वजन टांगताना हळूहळू, धक्का अजिबात नको.