म्युझिक थेरपी शिकायला अमेरिकेत येतेस, तर आधी साथ करायला शीक

तुझं पत्र सावकाश दोनदा वाचलं. बारावी झाली, गायनात विशारद पूर्ण झालं, पेटी बऱ्यापैकी वाजवतेस, अमेरिकेत म्युझिक थेरपीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी दोन कॉलेजांत अर्ज करते आहेस आणि सगळं जमलं तर पुढच्या ऑगस्टमध्ये निघणार. तुझे प्रश्न तीन आहेत. आत्तापासून कशाची तयारी करू? कोणत्या आजारावर कोणता राग, हे तिथे शिकवतात का? आणि बाबा विचारताहेत, पुढे नोकरीचं काय? मी मिरजेची. १२ वर्षांपूर्वी असंच विशारदचं सर्टिफिकेट बॅगेत ठेवून आले आणि आता इथल्या एका पुनर्वसन रुग्णालयात काम करते. म्हणून सविस्तर लिहिते.

मधला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर कळलं नाही तर बाकीच्या तयारीची दिशाच चुकते. नाही, रागांचं असं कोष्टक इथे शिकवत नाहीत. मीही ते मनात धरूनच आले होते. आपल्याकडे रक्तदाबाला अमुक राग, झोपेला तमुक राग असं सहज बोललं जातं, आणि कौतुकाने विचारणारे नातेवाईक तुलाही भेटतील. इथे हा व्यवसाय उभा राहिला तो रुग्णालयांत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी वादक-गायक जायचे. त्यांचा उपयोग होतो हे दिसल्यावर, या लोकांना रीतसर प्रशिक्षण हवं असं डॉक्टरांना वाटू लागलं. १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला, पाठोपाठ कॅन्सस विद्यापीठात शिक्षण सुरू झालं आणि १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय संघटना आली. त्यामुळे इथे पहिला प्रश्न असतो, या माणसाला काय जमत नाहीये? चालता येत नाही, शब्द फुटत नाही, आईकडे बघत नाही, दुखणं सहन होत नाही. मग संगीतातलं काय वापरलं तर ते थोडं जमेल, ते ठरवायचं.

एक उदाहरण देते, म्हणजे लक्षात येईल. अर्धांगवायूनंतर पुन्हा चालायला शिकणारा माणूस आहे. फिजिओथेरपिस्ट बाजूला उभी असते. मी आधी त्याची स्वतःची पावलं मोजते. मिनिटाला समजा ५० पडतात. मग गिटारवर बरोबर ५० ची लय धरते, त्याची पावलं त्या ठोक्यावर बसू देते, आणि स्थिरावली की लय पाच-दहा टक्क्यांनी वाढवते. एकदम ७० वर गेले तर तो पडेल. हे तंत्र कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर विकसित केलं. तालमीत गुरुजी ‘लय सोडू नकोस’ म्हणून ओरडायचे, त्याची किंमत मला या खोलीत कळली. आपल्याला रंगत वाढली की लय चढवायची सवय असते. इथे अख्खं सत्र लय तसूभर चढू द्यायची नाही, कारण तिच्यावर कुणाचा तरी पाय टेकलेला असतो.

दुसरं उदाहरण वाचेचं. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यावर काहींचं बोलणं जातं, पण पाठ असलेलं गाणं मात्र शब्दांसकट येतं. घरच्यांना तो चमत्कार वाटतो. त्यावर १९७३ पासून एक पद्धत चालत आली आहे: रोजचं छोटं वाक्य दोनच स्वरांवर म्हणायचं, साधारण सा आणि कोमल ग यांच्यात जेवढं अंतर तेवढं, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा. हळूहळू स्वर काढून घ्यायचे आणि वाक्य बोलण्यात आणायचं. यात गायकीला जागाच नाही. दोन स्वर, आणि तेही समोरच्याला झेपतील त्या पट्टीत.

आता तुला मनापासून सांगायचं ते हे. आपण शिकतो गायला. मैफिलीत मध्ये बसायला. इथलं काम मात्र पेटीवाल्याचं आहे. चांगला साथीदार काय करतो ते आठव. गायकाचा श्वास कुठे संपणार ते ओळखतो, तो थांबला की जागा भरतो, तो अडखळला तर स्वर हातात देतो, आणि तो चढला की स्वतः मागे राहतो. पहिल्या वर्षी मला वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या विभागात पाठवलं होतं. एक आजी सारख्या येरझाऱ्या घालत होत्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी त्यांना शांत करावं म्हणून संथ आलाप सुरू केला. स्वर चांगले लागले होते. आजी जास्तच अस्वस्थ झाल्या आणि खोलीबाहेर गेल्या. नंतर माझ्या पर्यवेक्षिकेने एवढंच विचारलं, “त्या कोणत्या लयीत चालत होत्या?” मला सांगता आलं नाही. मी बघितलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या पावलांच्या लयीतच, जलद, गिटारवर साधे ठोके देत त्यांच्याबरोबर चालले. त्यांच्या तरुणपणीचं एक गाणं त्यांच्या मुलीला विचारून शिकून घेतलं होतं, ते त्याच लयीत म्हटलं. मग लय थोडी थोडी उतरवली. सहा-सात मिनिटांनी आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो होतो. आधी रुग्ण जिथे आहे तिथे जायचं आणि मग त्याला हलकेच दुसरीकडे न्यायचं, याला इथे आयसो तत्त्व म्हणतात. तू पुस्तकात वाचशीलच. पण ज्याने कधी उत्तम साथ केली आहे त्याला ते आधीच ठाऊक असतं.

म्हणून तयारीतली पहिली गोष्ट: येईपर्यंत जमेल तितक्यांना पेटीची साथ कर. शाळेतल्या मुलांना, भजनी मंडळातल्या बायकांना, सुरात न गाणाऱ्या काकांनाही. विशेषतः त्यांनाच. ते पट्टी सोडतील तिथे तू जा.

दुसरी गोष्ट गिटार. आजच आण. इथे म्युझिक थेरपिस्टला गळा, पियानो आणि गिटार तिन्ही कामापुरतं यावंच लागतं, आणि पलंगाशेजारी पियानो नेता येत नाही. आपल्या पेटीच्या सवयीत अडचण अशी की आपण जे गातो तेच बोटांनी वाजवतो. इथे गळ्यात चाल आणि हातात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे तीन स्वर, अशा दोन वेगळ्या गोष्टी. घाबरू नकोस, तुझ्या भाषेत सांगते. सा-ग-प हा पहिला कॉर्ड, म-ध-सां हा दुसरा, प-नी-रें हा तिसरा. एवढ्या तीनवर इथली शेकडो साधी गाणी उभी राहतात. गिटारवर पांढरी पाच (पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी) सा धरलास तर हे तिन्ही कॉर्ड सोप्या जागी येतात. इथे त्यांना जी, सी आणि डी म्हणतात. तू काळी चारमध्ये गात असशील तर पहिल्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी) लाव आणि तेच आकार वाजव, झाली तुझी काळी चार. पण त्या पट्टीची सवय लावून घेऊ नकोस. ८० वर्षांच्या आजोबांचा आवाज कुठे बसतो ते पाहून गाणं जागेवर खाली घेता आलं पाहिजे. रोज एक गाणं तीन पट्ट्यांत वाजव. पहिला महिना बोटं दुखतील, डाव्या हाताची नखं कापावी लागतील, आणि मग जमेल.

पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शीक. भातखंडे पद्धतीची सवय असणाऱ्याला पाच रेघा सुरुवातीला परक्या वाटतात, पण रोज १५ मिनिटं पुरतात. बऱ्याच कॉलेजांत स्वरज्ञान शिकवताना हलता ‘डो’ वापरतात, म्हणजे त्यांच्या सरगमचा पहिला स्वर, डो, कुठेही धरता येतो, अगदी आपल्या सासारखा. तिथे तू वर्गात पुढे असशील. एकावर एक रचलेले तीन-चार स्वर ऐकून ओळखायचे असतात तिथे मागे पडशील, कारण आपल्या कानाला एका वेळी एकच स्वर ऐकायची सवय असते. पहिल्या सत्रात कॉयर, म्हणजे समूहगानही बहुधा घ्यावं लागेल. तिथे मींड, कण, मुरकी काही नाही. ४० आवाजांत आपला आवाज वेगळा ऐकू आला नाही पाहिजे. मला ते फार जड गेलं. वर्षभरात सवय झाली, आणि माझ्या ख्यालाला त्याने काही अपाय झाला नाही.

ऑडिशनला हिंदुस्थानी गायन चालेल का, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलने स्पष्ट विचार. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी पाश्चात्त्य शास्त्रीय किंवा जॅझच लागतं. उत्तर लेखी घे.

पदवीतला जवळपास अर्धा भाग संगीताचा असतो. उरलेल्यात मानसशास्त्र, शरीररचना, थोडं संख्याशास्त्र, प्रत्यक्ष थेरपीचे विषय आणि इंग्रजी लेखनासारखे सर्वांना असणारे विषय. लिहावं खूप लागतं. प्रत्येक सत्रानंतर नोंद करायची, आणि तीत ‘रुग्णाला छान वाटलं’ असं चालत नाही. ‘पाचपैकी चार वेळा सूचनेनंतर दहा सेकंदांत डावा हात उचलला’ असं लिहायचं. रुग्णाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो तर नाहीच नाही. आई विचारेल, आज काय केलंस? तेव्हा गिटारबद्दल सांग.

अर्ज करण्यापूर्वी एक तपासणी नक्की कर. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनच्या मान्यताप्राप्त यादीत तो अभ्यासक्रम आहे ना? ‘साउंड हीलिंग’च्या नावाने पुष्कळ सर्टिफिकेटं मिळतात; ती घेऊन म्युझिक थेरपिस्ट म्हणून प्रमाणित करणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. मान्य पदवीत एकूण किमान १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं, त्यातले किमान ९०० इंटर्नशिपचे. म्हणजे वर्ग संपल्यावर साधारण सहा महिने पूर्णवेळ एखाद्या रुग्णालयात किंवा शाळेत, बहुतेकदा बिनपगारी आणि कधीकधी दुसऱ्या राज्यात. त्या सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण आजच्या हिशेबात धर. चार वर्षांचे पैसे जमवून शेवटच्या टप्प्यावर अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बाबांना हे आधीच सांग.

व्हिसाचीही मेख इथेच आहे. इंटर्नशिप हा पदवीचाच भाग असल्यामुळे ती सीपीटीखाली, म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीखाली, करता येते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिन्यांच्या आत राहिलं तर पदवीनंतरच्या ओपीटीला, म्हणजे आपल्या विषयात काम करायला मिळणाऱ्या मुदतीला, धक्का लागत नाही, आणि सहा महिने त्यात सहज बसतात. पण तुझ्या आय-२० वरची (कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावरची) शेवटची तारीख इंटर्नशिप धरून आहे का, ते पहिल्याच वर्षी पाहा. माझ्या वेळी ती चार वर्षांचीच धरली होती. ज्या कार्यालयात विचारलं तिथे ‘नंतर बघू’ म्हणाले, आणि शेवटी मुदतवाढीसाठी माझे तीन आठवडे झोपेविना गेले. ओपीटी १२ महिन्यांचं असतं, आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. इंजिनिअरांना मिळते ती दोन वर्षांची वाढ आपल्या विषयाला नाही. म्हणून बोर्डाची परीक्षा पदवी हातात येताच दे. १५० प्रश्नांची असते. पास झालीस की नावापुढे एमटी-बीसी, म्हणजे बोर्डाने प्रमाणित केलेली म्युझिक थेरपिस्ट, असं लागतं, आणि त्याशिवाय इथे बहुतेक जागांसाठी विचारतच नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती. प्रत्यक्ष प्रशिक्षणाला रुग्णालयात पाऊल टाकण्याआधी लसींचे कागद मागतात: गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. आपलं बालपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधून डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आण. क्षयाची तपासणीही होते. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, कागदपत्रं, उशीर. रक्ताची चाचणी मागून घे. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

नोकरीबद्दल बाबांना गोड सांगू नकोस. काम आहे: शाळा, वृद्धाश्रम, मानसोपचार केंद्रं, हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्था), मुलांची रुग्णालयं. पगारावर घर चालतं, पण इंजिनिअरचा पगार नाही. कर्ज काढून येणार असलीस तर तेवढ्या पगारातून हप्ता फिटेल का, ते कागदावर मांड. नसेल फिटत तर शिष्यवृत्ती मिळेपर्यंत एक वर्ष थांब. ओपीटीनंतर पुढचा व्हिसा कोण देईल याची खात्री आज कुणीच देऊ शकत नाही, आणि नियमही सारखे बदलतात. परत यायची वेळ आली तर आपल्याकडे हे क्षेत्र अजून लहान आहे, तरी पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात म्युझिक थेरपीचं केंद्र आहे, आणि महाराष्ट्रात पक्षाघाताचे, स्वमग्नतेचे, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण काही कमी नाहीत. मराठीत दोन स्वरांवर ‘पाणी हवं’ म्हणायला शिकवणारी माणसं लागणारच आहेत. गेल्या वर्षी आमच्याकडे साताऱ्याकडचे एक आजोबा मुलाकडे आलेले असताना अर्धांगाने दाखल झाले. इंग्रजी वाक्यांवर काही होत नव्हतं. मी त्यांच्या उशाशी अभंगाची चाल नुसती गुणगुणली, आणि शेवटचा शब्द त्यांनी उचलला. विशारद त्या दिवशी कामाला आलं.

आता एवढं कर. दोन्ही कॉलेजांनी ऑडिशनला काय काय मागितलं आहे त्याची यादी मला पाठव. गिटार घेतलीस की पहिले तीन कॉर्ड बसव आणि आईला आवडणारं कुठलंही गाणं, आईच्या पट्टीत, तिला गायला लावून तू साथ कर. त्याचं रेकॉर्डिंग मला हवं आहे. आई मध्ये थांबली, विसरली, हसली तरी ते कापू नकोस. तू तिथे काय वाजवतेस तेच मला ऐकायचं आहे.