डिप्लोमॅटला अटक होतेच कशी?

प्रश्न : डिप्लोमॅटला अटक करता येत नाही ना, मग २०१३ मध्ये न्यूयॉर्कला भारताच्या अधिकारी देवयानी खोब्रागडेंना कशी काय झाली?

उत्तर : अहो, सगळा घोळ पदाचा आहे. त्या तेव्हा कॉन्सुलेटमध्ये (मुख्य दूतावासाखालच्या शहरातल्या कचेरीत) होत्या आणि १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तिथल्या अधिकाऱ्याला फक्त ऑफिसच्या कामापुरतंच संरक्षण असतं, घरकामवालीच्या व्हिसात खोटी माहिती दिल्याची त्यांच्यावरची केस त्यात बसत नाही असं अमेरिकेचं म्हणणं. एम्बसीतल्या (मुख्य दूतावासातल्या) डिप्लोमॅटला मात्र १९६१ च्या करारामुळे अटकच करता येत नाही. मग भारताने त्यांना यूएनमधल्या (संयुक्त राष्ट्रांतल्या) आपल्या मिशनमध्ये नेलं, पूर्ण इम्युनिटी (अटक-खटल्यापासून संरक्षण) मिळाली, त्यामुळे मार्च २०१४ ला कोर्टाने आरोपपत्र रद्द केलं आणि दोनच दिवसांत नवीन आलं! अटकेनंतर खोब्रागडेंची कपडे उतरवून झडती घेतली ते मला आजही चीड आणतं, पण त्या घरकामवालीच्या कमी पगाराच्या तक्रारीचं काय, तेही विचारायलाच हवं.