शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं आमच्या कुत्र्याला चावलं. ते म्हणतात, 'कुत्री भांडणारच.' आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोकळ्या कुत्र्यानं तुमच्या कुत्र्याला पाठीवर धरलं, रक्त फार नाही, दोनच बारीक भोकं दिसतायत, तो जेवला नाही पण चालतोय. डॉक्टरकडे न्यायची गरज आहे का आणि खर्च मागावा का, असं विचारलंय.

न्या. आत्ता न्या, बाकीचं आल्यावर वाचा. चार वर्षांपूर्वी मी अशीच दोन भोकं बघून सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, म्हणून एवढं ठासून सांगतेय.

आमची चिंगी 6 किलोंची. समोरच्या घरातला कुत्रा तिच्या सहापट तरी असेल. तो वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. पिल्लू होता तेव्हापासून फाटकाच्या आत ठेवलेला, बाहेरून कोणी गेलं की धावत येऊन फाटकावर उड्या मारायचा आणि घरातल्यांना त्याचं कौतुक. राखण चांगली करतो म्हणे. रोज तेच करत गेलेला कुत्रा एक दिवस फाटक उघडं मिळाल्यावर दुसरं काय करणार? त्या संध्याकाळी कडी लागलेली नव्हती.

चिंगी साखळीला होती. त्यानं तिला खांद्यामागे बरगड्यांवर धरलं, उचललं आणि हिसडे दिले. तीन की चार, आठवत नाही. मी साखळी धरून तिला माझ्याकडे ओढत राहिले. दात रुतलेले असताना ओढलं की मांस फाटत जातं, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. समोरचे काका फाटकात उभे राहून त्याला नावानं हाका मारत होते, पुढे आले नाहीत. शेवटी पलीकडून कोणीतरी बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर फेकलं तेव्हा त्यानं जबडा सोडला.

काकांनी चिंगीकडे वरून बघितलं. "वरवरचं आहे. कुत्री आहेत, भांडणारच," म्हणाले. शब्दन् शब्द तुमच्या शेजाऱ्यांसारखाच. घरी आल्यावर बाबा म्हणाले, आता रात्रीचं कुठे घेऊन जातेस, सकाळी बघू. मी केस बाजूला करून बघितलं, पेन्सिलीच्या टोकाएवढी दोन भोकं. मलाही वाटलं, ठीक आहे.

ती रात्रभर आडवी झाली नाही. कोपऱ्यात पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसून राहिली. मला वाटलं, घाबरलीय. श्वास पुरत नसलेलं जनावर असं बसतं, हे ठाऊक असतं तर मी तेव्हाच उठले असते. पहाटे 3 वाजता तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर कातडीखाली चरचर लागली, पाचोळ्यावर हात दाबावा तशी. ओठ वर करून बघितला, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

दवाखान्यात आधी ऑक्सिजन, सलाइन, वेदना कमी करायचं इंजेक्शन. ती जरा सावरल्यावर त्या बाजूचे केस काढले. दोन नाही, सात भोकं होती. सगळी बाजू काळीनिळी. दोन बरगड्या मोडलेल्या, आतली हवा कातडीखाली पसरलेली.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण 'वरवरचं आहे' म्हणणाऱ्या माणसाला द्यायचं उत्तर यातच आहे. कुत्र्याची कातडी सैल असते, मांसावरून सरकते. मोठ्या कुत्र्यानं पकडून हिसडा दिला की कातडी दातांबरोबर सरकते, म्हणून तिला फक्त भोक पडतं. पण खालचं मांस जागचं हलू शकत नाही, ते फाटतं, चिरडतं आणि कातडी त्याच्यापासून सुटते. वर पेन्सिलीचं टोक, आत तळहाताएवढा पोकळ खिसा. त्या खिशात तोंडातले जंतू आणि केस ढकलले गेलेले असतात. वरचं भोक लवकर मिटतं, आतलं आतच राहतं आणि तीन-चार दिवसांनी पू होतो. म्हणून अशी जखम बाहेरून पुसून भागत नाही आणि लगेच टाके घालून बंदही करत नाहीत बऱ्याचदा. भूल देऊन आतून धुतात, मेलेलं मांस काढतात, पाणी वाहून जायला नळी ठेवतात. चिंगीला दोन नळ्या होत्या. अँटिबायोटिक लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं. माझे जवळजवळ दहा तास वाया गेले होते.

ती वाचली. त्यानंतर तीन वर्षं जगली. त्या फाटकासमोरून मात्र पुन्हा कधी गेली नाही, वळणावरच बसकण मारायची.

घरी काय करायचं, ते थोडक्यात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. भोकात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, त्यानं चांगलं मांसही मरतं. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडांची वाट लावतं आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. आणि दुखत असताना तुमचा स्वतःचा कुत्रा तुम्हाला चावू शकतो, त्यात त्याचा दोष नसतो.

आता त्या शेजाऱ्यांचं. खर्चाच्या आधी त्यांच्याकडून एक गोष्ट मागा, त्यांच्या कुत्र्याची लसीची नोंदवही. रेबीजची लस शेवटची कधी दिली, ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी मागितली तर काका दुखावले. "आमच्यावर विश्वास नाही का?" इतक्या वर्षांची ओळख, त्यांच्या मुलांबरोबर मी खेळलेय. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. सोडवताना माझ्या मनगटावर ओरखडा उठला होता, तो मला दवाखान्यात हात धुताना दिसला. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लस आधीच घ्यावी लागते. नोंदवही यायला तीन दिवस लागले. मी वाट बघितली नाही, त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. तुम्हालाही कुठे दात किंवा नख लागलंय का, ते उजेडात बघा. लागलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. चावणाऱ्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं असतं. तो तेवढे दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. पण म्हणून तुम्ही 10 दिवस थांबायचं नाही. तुमच्या कुत्र्याची लस चालू असली तरी डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा ते जादा डोस देतात.

आणि खर्च मागा. यावर आमच्या घरात चार वर्षं वाद चाललाय. बाबांचं म्हणणं, एका कुत्रीपायी शेजार तोडलास. मी काय तोडलं? मी बिल दाखवलं. काका आधी म्हणाले अर्धं देतो, मग म्हणाले आधी तुमचीच भुंकली, मग बोलणंच बंद केलं. भुंकली असेलही. साखळीला बांधलेली 6 किलोंची कुत्री स्वतःच्या वाटेनं जाताना भुंकली, म्हणून तिच्या बरगड्या मोडायचा हक्क कोणाला मिळत नाही. ज्याच्या हातात साखळी हवी होती आणि नव्हती, जबाबदारी त्याची. मी हे बाबांना शंभरदा सांगितलंय. ते म्हणतात, माणसानं सोडून द्यायला शिकावं. मी म्हणते, काका एकदा जरी दारात येऊन 'चिंगी कशी आहे' म्हणाले असते, तर मी बिल फाडून टाकलं असतं. खरंच फाडलं असतं. चिंगीच्या नळ्या निघेपर्यंत समोरच्या घरातून कोणी विचारायला आलं नाही. शेजार त्यांनी तोडला. बाबा पुढची तीन वर्षं तिला रोज मागच्या लांबच्या रस्त्यानं फिरवायचे, गुडघे दुखत असताना. एवढं करून 'सोडून दे' मला सांगतात.

तेव्हा तोंडी काही ठरवू नका. आजच केस काढलेल्या जखमांचे फोटो घ्या, डॉक्टरांकडून काय इजा झालीय ते लिहून घ्या, काल कोण बघत होतं त्यांना विचारून ठेवा. शेजाऱ्यांना एकच संदेश पाठवा, त्यात तारीख, वेळ, तुमचा कुत्रा बांधलेला होता आणि त्यांचा मोकळा होता एवढंच, आणि बिल जोडा. शिवी नको, धमकी नको. ऐकलं नाही तर तुमच्याकडे पाळीव कुत्र्यांबद्दल जे नियम आहेत त्यांप्रमाणे तक्रार करा. नियम जागोजागी वेगळे असतात, तेवढं स्थानिक माणसाकडून समजून घ्या. यापूर्वीही त्यांचा कुत्रा कोणावर धावून गेला असेल तर तेही लिहा.

माझं म्हणणं एकतर्फी वाटेल, म्हणून हेही सांगायला हवं. तुमचाही कुत्रा मोकळा असेल तर खर्चाचं गणित बदलतं. कुत्र्यांची प्रत्येक झटापट म्हणजे हल्ला नव्हे, नुसता आवाज आणि लाळ, एकही दात लागलेला नाही, असंही होतं. आणि मारकुटा म्हणून त्यांच्या कुत्र्याला मारून टाका, असं मी कधीच म्हणणार नाही. उंच फाटक, बाहेर मुसकं, हातात साखळी, एवढंच मागा.

पुन्हा तसं झालं तर ओढू नका, हात तोंडांजवळ नेऊ नका. पाणी मारा, मध्ये फळी, खुर्ची, जे सापडेल ते घाला. दोन मोठी माणसं असतील तर एकेकानं एकेका कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे घ्यायचं असतं, पण तेही जबडा सुटलेला असेल तेव्हाच.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा. मोठ्या कुत्र्यानं पाठीवर धरून हिसडलंय हे सांगा, म्हणजे ते तयारीत राहतील. वाटेत त्याला काखेत धरून उचलू नका, फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर न्या. आणि डॉक्टर वरून बघून मलम लिहून द्यायला लागले, तर त्या सगळ्या बाजूचे केस काढून बघायला सांगा. ते कंटाळले तरी सांगा.