शाळा सोडवली, आता पुढे?

ताई, एका जागी न बसणाऱ्या लेकराला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय ना, मग पहिला महिना पुस्तकच उघडू नका. मीही उत्साहानं भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं होतं. चार दिवसांत रडारड, माझ्या मुलाची आणि माझीही. आता दहा मिनिटं गणित, मग गच्चीवर दोरीच्या उड्या, परत दहा मिनिटं. पाढे तर तो झोक्यावरच म्हणतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर फेरी, अभ्यास आल्यावर. दुपारी कूलरसमोर नुसत्या गोष्टी ऐकायच्या. (नागपूरच्या मे महिन्यात दुसरं काय होणार!) दहावीचं टेन्शन आत्ताच नको. एनआयओएस या सरकारी मुक्त शाळा मंडळातून १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते, आणि एका नोंदणीवर ५ वर्षांत थोड्याथोड्या विषयांची परीक्षा देता येते. लेकराला त्यासाठी औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, सासूबाई काहीही म्हणोत.