चित्र चालू, आवाज बंद

प्रश्न : ताई, घरातल्या सिनेमांच्या मूळ ब्लू-रे डिस्क मी कपाटात जपून ठेवते आणि नातवंडांच्या हाती त्यांच्या कॉपी देते. परवा अशीच एक कॉपी लावली. वीसेक मिनिटं सगळं छान चाललं, मग चित्र चालू राहिलं आणि आवाज गेला. रिमोटनं आवाज वाढवला, केबल बदलली, काही फरक नाही. बंद करून पुन्हा लावली की आवाज येतो आणि थोड्या वेळानं परत जातो. दुरुस्तीवाले म्हणतात, प्लेअरमधला ऑडिओचा भाग बदलावा लागेल. बदलून घेऊ का?
— नातवंडांची आजी

उत्तर : नका बदलून घेऊ. आधी घरीच एक करून पाहा. तोच सिनेमा मूळ डिस्कवरून, त्याच प्लेअरवर, तीच केबल ठेवून लावा आणि तासभर ऐका. आवाज टिकला तर प्लेअर धडधाकट आहे आणि हे काम सिनाव्हिया या कॉपी ओळखून आवाज तोडणाऱ्या तंत्राचं आहे. आवाज गेला तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली होती का, तेही आठवा. तिच्यात सिनाव्हिया हे नाव आणि ३ हा संदेश क्रमांक असतो. आवाज तात्पुरता बंद केला आहे, तो कमी-जास्त करू नका, असं त्यात लिहिलेलं असतं. ही शेवटची सूचना मात्र पाळा. तुम्ही आवाज वाढवून ठेवला आणि डिस्क पुन्हा सुरू केली, तर स्पीकर एकदम कानठळ्या बसवतो.

ही सूचना मी पहिल्यांदा पाहिली ती आईच्या खोलीत. आईला ऐकू कमी यायचं. तिचा आवडता सिनेमा ती पुन्हा पुन्हा पाही, म्हणून मी तिला कॉपी करून दिली होती. एका दुपारी मी आत गेले तर ती पलंगावर बसून कानातल्या यंत्राची बॅटरी बदलत होती. समोर सिनेमा मुका चालला होता. तिला इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे पडद्यावर काय आलं ते कळलंच नव्हतं. ‘उरलंसुरलंही गेलं बघ,’ एवढंच ती म्हणाली. मी सव्वीस वर्षं ध्वनिसंकलन केलं, आणि माझ्याच आईला तिच्या कानांबद्दल असं वाटावं, हे मला अजून सोसत नाही. म्हणून या प्रश्नाला जरा लांब उत्तर देते.

सिनाव्हिया हे व्हेरान्स या अमेरिकन कंपनीचं तंत्र आहे. नोटेच्या कागदात जसं जलचिन्ह असतं, तशी इथे सिनेमाच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते. ती कानाला जाणवत नाही. मी चांगले हेडफोन लावून, शांत प्रसंग निवडून निवडून ऐकले आहेत, मला ती कधी सापडली नाही. फाइल लहान करताना कानाला न जाणवणारा आवाज गाळून टाकायचा, ही आमच्या कामातली नेहमीची रीत. खूण तेवढ्याच भागात ठेवली असती तर पहिल्याच गाळणीत गेली असती. म्हणून ती आपण ऐकतो त्याच आवाजात विणलेली आहे. फाइल दाबून लहान केली, दुसऱ्या स्वरूपात नेली, अगदी स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून आवाज पुन्हा टिपला, तरी ती टिकावी अशीच तिची रचना आहे. केबल बदलून तुम्हाला उपयोग झाला नाही तो यामुळेच.

पण नुसत्या खुणेनं काही होत नाही. मूळ डिस्कवरही तीच खूण असते आणि ती डिस्क बिनबोभाट चालते. आवाज बंद करतो तो प्लेअर. ब्लू-रे डिस्कवर एएसीएस नावाचं कुलूप असतं. प्लेअर आवाजातली खूण वाचतो आणि सिनेमा त्या कुलपासकट आलाय का, ते बघतो. खूण आहे पण कुलूप नाही, म्हणजे ही कॉपी, असं ठरवून तो आवाज तोडतो. खूण ओळखायला त्याला बराच आवाज ऐकावा लागतो, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं सुखाची जातात. पुन्हा सुरू केलं की त्याची मोजणीही पुन्हा सुरू होते.

यातली एक गोष्ट मला फार खटकते. त्या कुलपाच्या किल्लीला लागणारा एक भाग डिस्कवर अशा रीतीनं उमटवलेला असतो की तो फक्त कारखान्यातच उमटवता येतो. घरच्या रायटरला ते जमत नाही. म्हणजे तुम्ही कितीही सचोटीनं, पैसे मोजून घेतलेल्या डिस्कची, स्वतःच्या घरापुरती कॉपी केलीत, तरी ती प्लेअरला मूळ डिस्कसारखी दिसणारच नाही. तुमची कॉपी आणि चोरून विकलेली कॉपी त्याच्या लेखी एकच. याची जाणीव नियम करणाऱ्यांनाही होती. एएसीएसच्या करारात ‘मॅनेज्ड कॉपी’ म्हणून तरतूद होती, मूळ डिस्क विकत घेणाऱ्याला परवानगीनं कॉपी करता यावी यासाठी. ती सोय घराघरांत कधी पोचलीच नाही. खूण ओळखणारा भाग मात्र १ फेब्रुवारी २०१२ पासून नव्या ब्लू-रे प्लेअरमध्ये सक्तीचा झाला. सिनेमा करणाऱ्यांचं नुकसान मी जवळून पाहिलं आहे. माझी मजुरीही त्याच पैशातून यायची, आणि चोरी थांबायलाच हवी. पण कुलूप सक्तीचं करायचं आणि किल्ली ऐच्छिक ठेवायची, हा अन्याय आहे.

आता तुम्ही काय करावं? ब्लू-रे प्लेअरवर मूळ डिस्कच लावा, आणि ती लावण्या-काढण्याचं काम मोठ्यांनी करा. खूण ओळखणारा भाग प्लेअरमध्ये असतो, टीव्हीत नाही. व्हीएलसीसारख्या संगणकावरच्या मोफत प्रोग्राममध्ये तो नसतो, पण ब्लू-रेसाठी परवाना घेतलेल्या प्रोग्राममध्ये असू शकतो. कॉपी करण्याबद्दलचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, तेवढा आपापल्या ठिकाणी पाहून घ्या. आणि दुरुस्तीवाल्यांना ती सूचना दाखवा. बिचाऱ्यांना बहुधा माहीतच नसेल.

प्रश्न : माझ्याकडे एका सिनेमाच्या डीव्हीडीची कॉपी आहे. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर ती शेवटपर्यंत चालते, नव्या ब्लू-रे प्लेअरवर मध्येच मुकी होते. डिस्क तीच, मग असं का?
— एक वाचक

उत्तर : काही सिनेमांच्या डीव्हीडीतही ही खूण घातलेली आहे. साध्या डीव्हीडी प्लेअरला ती वाचताच येत नाही, ब्लू-रे प्लेअरला येते. जुना प्लेअर चालत असेल तर काढून टाकू नका. आणि इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचं अपडेट घेण्याआधी त्यात काय बदलणार आहे ते वाचा. प्लेस्टेशन ३ लोकांनी घरी आणलं तेव्हा त्यात हे नव्हतं, नंतर ते अपडेटमधून आलं.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाचं चित्रण मी स्वतः डिस्कवर उतरवलं आहे. त्याचाही आवाज असा जाईल का? मन धास्तावलं आहे.
— वडील

उत्तर : नाही जाणार. ही खूण सिनेमाचा आवाज तयार करतानाच घातली जाते. तुमचा कॅमेरा किंवा रायटर ती घालत नाही. तुमचा, मुलाचा, पाहुण्यांचा आवाज सुखरूप आहे.

एकच अपवाद मनात ठेवा. चित्रण चालू असताना त्याच खोलीत टीव्हीवर एखादा सिनेमा मोठ्यानं, बराच वेळ चालू असेल, तर त्याच्या आवाजाबरोबर खूणही तुमच्या मायक्रोफोनमध्ये शिरू शकते. चित्रपटगृहात लपूनछपून केलेलं चित्रण पकडणं हा या तंत्राचा एक मूळ हेतूच आहे. अशा चित्रणासाठी संदेश क्रमांक १ येतो, आणि तेव्हा आवाजच नव्हे, सिनेमाच थांबतो. घरगुती चित्रणात असं होणं दुर्मीळ, पण चित्रण करताना टीव्ही बंद ठेवणं केव्हाही चांगलं. ध्वनिसंकलक म्हणून सांगते, मागे टीव्ही चालू असला की मुलाचे बोबडे शब्द त्यात बुडतात आणि ते नंतर वेगळे काढता येत नाहीत. आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसू नका. ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. घरी लिहिलेली डिस्क उन्हात, उष्णतेत लवकर खराब होते, आणि ती भीती सिनाव्हियापेक्षा खूप मोठी आहे.