क्षयरुग्णाच्या विलगीकरण खोलीसाठी स्प्लिट एसी आणि हेपा प्युरिफायर पुरेसे आहेत का?

नाही, पुरेसे नाहीत. गोव्यात रुग्णालयांच्या वायुवीजनाची कामे मी करतो आणि म्हापशातील आपल्यासारख्या लहान रुग्णालयांकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून कारणासह लिहितो.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. रुग्णाच्या खोकल्यातून आलेले सूक्ष्म कण त्यामुळे आतच साठतात आणि दार उघडताच व्हरांड्यात येतात. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, त्यामुळे प्युरिफायरने त्यांची संख्या घटते हे खरे. परंतु हवेने कोणत्या दिशेला वाहावे हे तो ठरवू शकत नाही, आणि विलगीकरणाचे सारे मर्म त्या दिशेत आहे.

खोलीत येते त्याहून अधिक हवा यंत्राने बाहेर काढली, तरच आतला दाब व्हरांड्यापेक्षा कमी राहतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या निकषांत हा फरक किमान 2.5 पास्कल, आणि नव्या खोलीत हवा तासाला किमान 12 वेळा बदललेली असावी असे म्हटले आहे. खोली 4 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच धरली, तर ताशी सुमारे 500 घनमीटर हवा बाहेर पडली पाहिजे. ती सरळ बाहेर, माणसांच्या वावरापासून आणि इतर खिडक्यांपासून दूर सोडावी. तशी जागा नसेल तर हेपा फिल्टरमधून सोडावी. मात्र भिंतीवरचा साधा एक्झॉस्ट फॅन त्या फिल्टरचा अवरोध पेलत नाही, त्यासाठी अधिक दाबाने हवा ढकलणारा ब्लोअरच लागतो.

खिडक्या उघड्या ठेवण्यावर आपल्याकडे विसंबू नये. दुपारी खारा वारा असतो, पण रात्री तो पडतो, आणि पावसाळ्यात सरी आत येतात म्हणून परिचारिकांना खिडक्या लावून घ्याव्याच लागतात. खाऱ्या, दमट हवेत ब्लोअर आणि हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट लवकर गंजतात, तेव्हा देखभालीचा खर्च आधीच धरावा.

रुग्ण खोलीत असेपर्यंत बंद दाराच्या फटीशी रोज अगरबत्ती धरून पाहावी; धूर आत ओढला गेला पाहिजे. रुग्ण गेल्यावर 99.9 टक्के कण निघून जाण्यास तासाला 12 बदलांच्या वेगाने 35 मिनिटे, तर 6 बदलांच्या वेगाने 69 मिनिटे लागतात. तोवर सफाई कर्मचाऱ्यांना एन-95 मुखपट्टीशिवाय आत पाठवू नये.